इतर आवाज

१

दुपारची जेवणं आटोपली, भांडी विसळून पालथी पडली, की टाकेताई मागच्या खोलीत शिरायची आणि दार लोटून घ्यायची. टाकेताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शिवणकामाचे व्हिडिओ करायला लागली तेव्हा बघणाऱ्या बायकांनी ते तिला चिकटवलं, आणि इतकं घट्ट चिकटलं की कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला. खोलीला जाड पडदा. टेबलावर मशीन, समोर तिवईवर फोन, शेजारी गोल दिवा आणि कोपऱ्यात बोटभर उंचीचा माइक. दिवा लागला की तिचा चेहराही लागायचा. "या मंडळी, बसा!" असं ती म्हणाली की खरोखरच घरभर पाहुणे आल्यासारखं वाटायचं.

पुढच्या खोलीत अप्पा, म्हणजे तिचे वडील, पलंगाला खिळलेले. सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. खुब्याचं हाड मोडलं, पाठोपाठ हृदयानंही हात टेकले, तेव्हा "गाडी डेपोत लागली म्हणायची" असं स्वतःच म्हणून ते हसले होते. टाकेताईचा नवरा कामासाठी फिरतीवर असायचा, आठवडा संपता संपता उगवायचा. लेक शाळेत. सकाळी सिस्टर येऊन अप्पांचं अंग पुसून, औषधं देऊन जायची. त्यानंतर दुपारभर घरात बाप आणि लेक, दोघंच. दोघांच्या मधे एक अरुंद पॅसेज.

अप्पांची हाक ठरलेली. "पोरी..." मोठ्यानं नाही. कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं मारलेली.

"आले हं अप्पा, दोन मिनिटं!" ही तिची ठरलेली ओ. आता शिवणाऱ्या माणसाच्या दोन मिनिटांचं काय होतं ते सांगायला नको. एक टाका उसवला की दुपार उसवते. दुसऱ्या दिवशी व्हिडिओची काटछाट करताना ती अप्पांची हाक आणि आपली ओ, दोन्ही काढून टाकायची. कापडाची दशी कातरावी, तितक्या सहज.

त्या दिवशी अशीच कानाला हेडफोन लावून बसली होती. आदल्या दुपारी कोटाचं अस्तर लावलं होतं, त्याचा व्हिडिओ. "पोरी..." ऐकू आलं. कापायला बोट पुढे केलं, आणि थांबली.

"हं अप्पा, बोला ना." तिचाच आवाज. लांबून आलेला, पण तिचाच. पाठोपाठ खुर्ची ओढल्याचा खरखराट.

तिनं फोनच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ती अस्तरावर वाकलेली होती आणि ओठांत टाचण्या होत्या. चांगल्या मूठभर, दाताखाली धरलेल्या. तसल्या तोंडानं माणूस हुंकारसुद्धा देऊ शकत नाही.

२

माणसाला कारण हवं असतं, आणि शोधलं की सापडतं. टाकेताईनंही शोधलं. आदल्या दिवसाचा एखादा तुकडा चुकून जोडला गेला असेल. पुढच्या खोलीत अप्पांचा फोन असतो. त्यावर ते तिचेच व्हिडिओ लावत असतील. हे कारण तिला इतकं पटलं की ती जरा सुखावलीसुद्धा. आपला बाप आपले व्हिडिओ बघतो! तिनं तो तुकडा कापला आणि व्हिडिओ चढवून दिला.

पण अप्पांचा फोन बिघडून कपाटात पडला होता. दुरुस्तीला टाकते, टाकते म्हणत तिनंच तो तिथे ठेवला होता. हे तिला संध्याकाळी, टॉवेल काढायला कपाट उघडलं तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं अप्पांची पाठ पुसता पुसता तिला हाक मारली.

"ताई, जरा इकडे या. बघा." तिनं अप्पांच्या कमरेवरून हलकेच हात फिरवला. "इतके महिने पडून आहेत, पण पाठीवर एक लाल डाग नाही. तुम्ही दुपारी कूस बदलता ना मधूनमधून? लोकांना शंभरदा सांगितलं तरी करत नाहीत हो."

टाकेताई म्हणाली, "हो, म्हणजे... जमेल तसं."

'जमेल तसं' हे शब्द तिच्या तोंडून इतके सरळ बाहेर पडले की तिचं तिलाच नवल वाटलं. दुपारी तिनं अप्पांची कूस एकदाही बदलली नव्हती.

सिस्टर गेल्यावर ती पलंगाशी गेली. चादर ताणून नीट बसवलेली. पाण्याचा पेला हाताला येईल असा. अप्पांची नखं कापलेली, कानसलेली, लहान मुलाची असावीत तशी. पलंगाशेजारी एक खुर्ची. ती स्वयंपाकघरातली खुर्ची होती.

"अप्पा, नखं कुणी काढली?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तूच तर. काल. विसरलीस?"

"हो, खरंच की."

"हल्ली बसतेस माझ्यापाशी, बरं वाटतं," अप्पा म्हणाले. "कामं असतात तुला, तरी बसतेस."

आता इथे तिनं काय म्हणायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. तिलाही ते कळत होतं. जिभेवर आलंही होतं. पण बापानं केलेलं कौतुक असं हातातून खाली कसं टाकायचं? तिनं अप्पांच्या उशीची खोळ उगीच सारखी केली आणि म्हणाली, "त्यात काय एवढं, अप्पा."

३

त्यानंतर ती कान देऊन ऐकायला लागली. मशीन चालू असताना काही कळायचं नाही. मशीन थांबवलं की पुढून बारीक आवाज यायचे: चमचा बशीवर ठेवल्याचा, कुणी हळू चालल्याचा, अप्पांचं हसणं. हो, हसणं. एवढ्यात तिनं त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. एकदा कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतं. कुणीतरी म्हणजे तीच. कठीण शब्दाशी ती लहानपणापासून अडखळायची, तशीच अडखळत होती.

दोनदा ती उठून गेली. पॅसेजमधे पाय टाकला की आवाज थांबायचा, आणि खोलीत अप्पा एकटे, डोळे मिटून, शांत. खुर्ची पलंगाला खेटून. तिसऱ्यांदा ती उठली नाही.

तिनं स्वतःला विचारलं: आपल्याला भीती वाटतेय का? वाटत होती. पण भीतीच्या शेजारी आणखी एक गोष्ट होती, आणि ती कबूल करायला तिला भीतीपेक्षा जड गेलं. तिला मोकळं वाटत होतं. अप्पांना कुणीतरी होतं. दुपार तिची होती.

आणि मग तिनं ओ देणंच बंद केलं.

हे ठरवून झालं नाही. एका दुपारी "पोरी..." आलं तेव्हा ती बाहीची गोलाई समजावून सांगत होती. वाक्य मधे तोडायचं तिच्या जिवावर आलं. ती बोलत राहिली, एक कान मात्र पुढच्या खोलीकडे ठेवून. मग पुढून, शांतपणे: "आले, अप्पा." ती नुसतं बोलून थांबणारी 'आले' नव्हती. त्यामागे खरोखर पावलं होती.

टाकेताईनं बाहीची गोलाई पुरी केली.

तिचं काम फोफावलं. बघणारे वाढले. त्यातच तिला सुचलं की अप्पांसाठी सदरा शिवावा, पाठीवर उघडणारा, म्हणजे अंथरुणातल्या माणसाला हात वर करायला लावायला नको. व्हिडिओ फार सुंदर झाला. मऊ सुती कापड, बटणांऐवजी नाडी, शिवण त्वचेला लागू नये म्हणून आतून पट्टी. शेवटी ती फोनकडे बघत म्हणाली, "मंडळी, टाके काय, कधीही घालता येतात. आपल्या माणसांपाशी बसायचं मात्र राहून जाऊ देऊ नका." आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. त्या वेळी पुढच्या खोलीत अप्पा खोकत होते. तेवढा खोकला तिनं काढून टाकला. बघणाऱ्या बायका ढसाढसा रडल्या.

सदरा तिनं फोटोसाठी मागच्या खोलीतल्या हँगरवर अडकवून ठेवला होता. उद्या घालू अप्पांना, उद्या घालू. संध्याकाळी बघते तर हँगर रिकामा, आणि सदरा अप्पांच्या अंगात. नाडीची गाठ तिच्या पद्धतीची, डावीकडे वळवलेली.

तेवढ्यात शाळेतून लेक आली. तिनं दप्तर टाकलं आणि आजोबांकडे पाहून म्हणाली, "आई, छान दिसतात गं अप्पा! ऐक ना, आज वर्गात काय झालं माहितीये..."

"हं," टाकेताई म्हणाली. ती गाठीकडे बघत होती.

लेक काय सांगत होती, ते तिला नंतर आठवेना.

४

डॉक्टर घरी येऊन गेले. दारापाशी थांबून, चपला घालता घालता म्हणाले, "आता औषधापेक्षा सोबत महत्त्वाची. जवळ बसा."

तिनं बसायचं ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं. भावाला फोन केला, तो म्हणाला, "निघतोच मी, रात्रीपर्यंत पोचतो. तू आहेस ना तोवर?" ती म्हणाली, "आहे रे दादा, इथेच आहे." सकाळभर ती खुर्चीवर बसून राहिली, अप्पांचा हात हातात घेऊन. पण तिला बसता येईना. सवयच मोडली होती. हात कसा धरायचा, किती दाबायचा, काय बोलायचं, सगळंच परकं. अप्पा डोळे उघडून तिच्याकडे बघायचे, मग खुर्चीच्या मागे दाराकडे बघायचे, पुन्हा तिच्याकडे. जणू ती कुणाच्या तरी जागेवर बसली होती आणि ते बोलून दाखवणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

दुपारी तिचा थेट कार्यक्रम होता. शब्द दिलेला. माणसं वाट बघत असणार. 'आज नाही जमत' एवढं लिहायचं, की झालं असतं. तिनं फोन हातात घेतलाही.

"जा," अप्पा म्हणाले. आवाज आता नुसता वारा झाला होता. "जा, पोरी. मी आहे."

'मी आहे' हे खरं तर तिनं म्हणायचं होतं.

५

दिवा लागला. "या मंडळी, बसा!"

त्या दिवशी पडद्याच्या चुण्या होत्या. सोपं काम, हात आपोआप चालत होते. थोड्या वेळानं पुढून बोलणं सुरू झालं. अप्पांचं. एवढ्या दिवसांत ते इतकं लांबलचक बोलले नव्हते. थांबून, दम घेऊन, पुन्हा. टाकेताईला शब्द कळत नव्हते. तिच्या मनात एकच आलं: हे बघणाऱ्यांना ऐकू गेलं तर? आणि तिनं आवाज चढवला. चुणी कशी मोजायची, खडूनं खूण कुठे करायची, टोक आत कसं घालायचं, गरज नसताना दोन दोनदा, हसून, ठासून सांगत राहिली. पुढचं बोलणं बुडालं. मग थांबलं.

थांबलं तेव्हा मात्र तिच्या हातातली सुई हलेना.

"एक मिनिट हं, मंडळी," ती म्हणाली आणि उठली.

पॅसेजमधे दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. या वेळी तिच्या पावलांनी काही थांबलं नाही. कुणीतरी फार हळू, एका लयीत गुणगुणत होतं. दार अर्धं उघडं होतं. तिनं आत पाहिलं.

खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं, दाराकडे पाठ करून. मानेवर अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल. गळ्यात मापाची पट्टी. टाकेताईचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. पट्टी तिथेच होती. मग केसांकडे गेला. पेन्सिलही होती. ती पाठ पुढे वाकली, आणि पट्टीचं टोक अप्पांच्या सदऱ्यावर टेकलं. अप्पांचा चेहरा दिसत नव्हता, त्या खांद्यानं झाकला होता. दिसत होता फक्त चादरीवरचा त्यांचा हात. त्या हाताची बोटं उचलली गेली आणि दोनदा पुढच्या पुढे हलली. मागच्या गाडीला वाट द्यायची असली की ड्रायव्हर खिडकीतून हात काढून हलवतात, तशी. जा. जा पुढे.

तो इशारा कुणाला होता? तिला, की त्या खुर्चीवरच्या बाईला, की आणखी कशाला? एक पाऊल आत टाकलं असतं तर कळलं असतं. तेवढ्यात खुर्चीवरची पाठ ताठ झाली. गुणगुणणं थांबलं. ती मान वळायला लागली, सावकाश, तिच्याकडे.

टाकेताई वळली आणि जवळजवळ पळत मागच्या खोलीत आली. दार लोटलं. फोनसमोर बसली. आणि, देवा रे, ती हसली. "हं, तर कुठे होतो आपण?" म्हणाली. पडद्याच्या सगळ्या चुण्या तिनं पुऱ्या केल्या.

दिवा बंद करून ती पुढे गेली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. अप्पाही नव्हते, म्हणजे ज्याला असणं म्हणतात तसे. डोळे कुणीतरी मिटलेले. हात छातीवर जुळवलेले. चादरीला एक सुरकुती नाही.

६

लोक आले, गेले. जो तो तिचंच कौतुक करत होता. सिस्टर रडत म्हणाली, "अशी सेवा मी कुठल्या घरात बघितली नाही." भावानं तिचे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून गं. मी कुठल्या तोंडानं... तू होतीस." नवऱ्यानं पाठीवरून हात फिरवला. तिनं एकदा तोंड उघडलं होतं. "दादा, मी नव्हते," असं म्हणालीही. भाऊ म्हणाला, "असं वाटतंच सगळ्यांना, वेडे." आणि तिला जवळ घेतलं. खरं बोलायचीही सोय राहिली नव्हती.

मागची खोली तिनं बंद करून टाकली होती. पण अप्पा शेवटी एवढं काय बोलत होते, हे तिला झोपू देईना, जेवू देईना. त्या दुपारचा कार्यक्रम फोनमधे साठवलेला होता. एका संध्याकाळी, लेक शाळेतून येऊन स्वयंपाकघरात दूध पीत बसली होती तेव्हा, टाकेताईनं खोलीचं दार उघडलं, धूळ न पुसताच खुर्ची ओढली आणि हेडफोन चढवले.

तिच्याकडे आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात आवाजाच्या दोन पट्ट्या होतात. एक 'मुख्य', दुसरी 'इतर'. रोज ती 'इतर' पुसून 'मुख्य' ठेवायची. आज तिनं 'मुख्य'वर बोट ठेवलं आणि स्वतःला पुसलं.

पूर्ण पुसली गेली नाही. मधेमधे तिच्या आवाजाचे चिंधड्यांसारखे तुकडे राहिलेच: "...टोक असं आत..." "...बघा किती सोपं..." त्यांच्या खालून, विहिरीतून यावा तसा, अप्पांचा आवाज आला.

"...कोण आहेस ते मी विचारत नाही. आलीस, बसलीस, बरं वाटलं. माझ्या पोरीचा हात मला कळत नाही होय? पहिल्या दिवशीच कळलं..."

"...आता खडूनं खूण..."

"...तिला सांगू नकोस, मी ओळखलं होतं ते. तिला वाटू दे, म्हातारा फसला. तेवढीच तिच्या जिवाला..."

"...दाबून धरा, सोडू नका..."

मग बराच वेळ नुसता श्वास. आणि मग तिचाच आवाज. जवळून, माइकला ओठ लावून बोलावं इतक्या जवळून:

"नाही सांगणार, अप्पा."

टाकेताईनं हेडफोन काढले. ते तिच्या हातातून टेबलावर पडले. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही; त्यांनी तिला सगळं माफ करून ठेवलं होतं, आणि तेच तिला सोसवेना. ती तशीच बसून राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं की हेडफोन काढले तरी आवाज येतोय.

स्वयंपाकघरातून. लेक बोलत होती. भरभरून, मधेच हुंदका देत, कुणाला तरी काहीतरी सांगत होती. आणि तिच्या बोलण्यात मधूनमधून कुणीतरी म्हणत होतं, "मग?" "मग तू काय म्हणालीस?" "असं का वाटलं तुला, राणी?"

टाकेताई उठली. तिवई धडकून खाली पडली, ती उचलायला थांबली नाही. पॅसेज केवढासा, पण तो संपेना. स्वयंपाकघराच्या दारात ती आली तेव्हा आत लेक एकटी होती. डोळे ओले, दुधाचा पेला रिकामा. समोरची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकवलेली.

लेकीनं वर पाहिलं. "एवढ्यात आलीस परत?"

त्या खुर्चीवर बसायची टाकेताईची हिंमत होत नव्हती. ती बसली. बैठक ऊबदार होती, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी. तरी ती उठली नाही. दोन्ही हातांनी तिनं टेबलाची कड धरून ठेवली.

"काय झालं ते सांग मला," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच तर सगळं सांगितलं!"

"पुन्हा सांग. पहिल्यापासून."

लेकीनं बाहीनं डोळे पुसले. "काही नाही गं," ती म्हणाली. "ती बाकावरची मैत्रीण बोलत नाही माझ्याशी, एवढंच." आणि दुसऱ्यांदा सांगताना माणूस जसं आटोपतं घेतं, तसं तिनं ते चार वाक्यांत संपवलं.